साइटवर एआय वापरायला सुरुवात कशी करायची? नवीन साइट इंजिनिअर आणि प्रोजेक्ट मॅनेजरसाठी

मी पुणे आणि पिंपरी चिंचवडच्या बाजूला रहिवासी टॉवरच्या साइटवर काम करतो, आधी साइट इंजिनिअर होतो, मग प्लॅनिंगला गेलो, आता पूर्ण प्रोजेक्ट बघतो. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हा आमच्या लाइनमध्ये कोणी फार लक्ष दिलं नव्हतं. आता क्लायंटच्या मीटिंगमध्ये सुरुवातीलाच विचारतात की तुम्ही एआय वापरता का, आणि नवीन जॉईन झालेल्या मुलामुलींना मात्र कोणीच नीट सांगत नाही की नक्की काय वापरायचं, कुठे वापरायचं आणि कुठे अजिबात विसंबायचं नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. एआयला तुमची साइट दिसत नाही, त्याला दिसतं फक्त तुम्ही नोंदवलेलं, म्हणजे डीपीआर (रोजच्या कामाचा रिपोर्ट), चलन, फोटो, क्यूबचे (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे) रिझल्ट, ड्रॉइंग. नोंद अर्धवट असेल तर त्यावरून बनलेला रिपोर्ट दिसायला देखणा आणि आतून पोकळ असतो. मॅनेजरचं काम बदललंय ते नेमकं इथे, रिपोर्ट बनवण्यात जाणारा वेळ खूप कमी झालाय पण नोंद खरी आहे की नाही हे बघायची जबाबदारी वाढलीये, कारण आता चुकीचा आकडा संध्याकाळपर्यंत चार रिपोर्टमध्ये जाऊन बसतो.

काय काय लागेल

- मराठी व्हॉइस टायपिंग चालू असलेला फोन. जीबोर्डमध्ये मराठी मिळतं.
- एक चॅटबॉट. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, कोपायलट, कुठलंही एक घ्या आणि त्यावरच हात बसवा, सुरुवातीला चार ठिकाणी उड्या मारू नका.
- नोटबुकएलएम. गुगलचं आहे, तुम्ही दिलेल्या पीडीएफमधूनच उत्तर देतं आणि कुठल्या भागातून दिलं तेही दाखवतं.
- कामाचे कागद पीडीएफमध्ये: करार, बीओक्यू (कामाची प्रमाणं आणि दरांची यादी), स्पेसिफिकेशन, मेथड स्टेटमेंट (काम कसं करायचं त्याचा कागद), ड्रॉइंग रजिस्टर.
- आयएस कोड, म्हणजे भारतीय मानकं. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) साइटवर रजिस्टर करून मोफत डाऊनलोड करता येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या स्कॅन कॉप्या वापरू नका, त्यात अमेंडमेंट (नंतरच्या दुरुस्त्या) नसतात.
- बेसलाइन शेड्यूल (सुरुवातीला ठरलेलं वेळापत्रक), एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरामधलं.
- कंपनीची लेखी परवानगी. ही सगळ्यात शेवटी लिहिली असली तरी पहिली पायरी हीच आहे.

१. आधी परवानगी घ्या, मगच फाइल टाका

ठेकेदाराचे रेट, क्लायंटचं बीओक्यू, फ्लॅट घेणाऱ्यांची यादी, मजुरांची आधार कार्डं, हे सगळं आपल्या लॅपटॉपमध्ये असतं आणि फुकटच्या अकाउंटमध्ये ओढून टाकायला दोन सेकंद लागतात. पण करारात गोपनीयतेचं कलम जवळपास नेहमीच असतं, आणि माणसांची माहिती असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. गेट पास बनवायला म्हणून पन्नास मजुरांची आधार कार्डं चॅटबॉटमध्ये टाकणारे लोक मी बघितलेत. कृपा करून हे करू नका, त्या माणसाला कळतसुद्धा नाही की त्याचा कागद कुठे गेला.

प्रोजेक्ट हेडला एक साधा मेल टाका की कुठलं टूल, कशासाठी, कुठली कागदपत्रं टाकणार आणि कुठली नाही. उत्तर आलं की जपून ठेवा. कंपनीचं पेड अकाउंट असेल तर तेच वापरा, स्वतःचं वापरायची वेळ आलीच तर सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या चॅटवरून मॉडेल शिकवायची परवानगी बंद करा. पार्टीचं नाव, सर्व्हे नंबर, रेट हे काढून टाकूनही नव्वद टक्के काम होतं.

२. डीपीआरपासून सुरुवात करा

कॅमेरा, ड्रोन, बिम (इमारतीचं माहितीसकट थ्रीडी मॉडेल) हे सगळं आकर्षक आहे पण तिथून सुरुवात करू नका. रोजचा डीपीआर हीच जागा बरोबर आहे, कारण काम छोटं आहे, रोज आहे आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कळते.

करायचं असं, संध्याकाळी साइटचा राउंड मारतानाच फोनवर बोलून घ्या. ऑफिसात येऊन आठवून नाही, राउंड चालू असताना, त्या मजल्यावर उभं राहून. मराठीत बोला, मध्ये हिंदी आलं तरी चालतं, आपण मुकादमाशी बोलतो तसंच. मग तो मजकूर चॅटबॉटला द्या आणि सोबत अशी सूचना द्या:

"खाली आजच्या कामाची व्हॉइस नोट आहे. तिचा डीपीआर बनव. कॉलम असे: विंग, मजला, काम, एकक, आजचं प्रमाण, ठेकेदार, मजूर संख्या, अडथळा. मी जे बोललो नाही ते स्वतःहून भरू नको, तिथे 'नोंद नाही' लिही. जिथे आकडा स्पष्ट नसेल तिथे शेवटी मला प्रश्न विचार."

यातलं 'नोंद नाही' वालं वाक्य कधीच गाळू नका. एआयला रिकामी जागा आवडत नाही, फॉरमॅटमध्ये अपघाताचा रकाना असेल आणि तुम्ही त्याबद्दल बोलला नसाल तर ते सरळ 'निरंक' लिहून मोकळं होतं, हवामानाच्या रकान्यात 'स्वच्छ' लिहितं. त्या दिवशी दुपारी दोन तास पाऊस पडून काम बंद असेल आणि डीपीआरमध्ये हवामान स्वच्छ असेल, तर सहा महिन्यांनी मुदतवाढ मागताना तुमचाच कागद तुमच्या विरोधात उभा राहतो. अपघाताचं तर विचारूच नका.

अजून तीन ठिकाणी लक्ष ठेवा.

एक, टक्केवारीत बोलू नका. "सेंट्रिंग ऐंशी टक्के झालं" (सेंट्रिंग म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू) यातून कोणालाच काही कळत नाही, एआयलाही नाही. "सी विंग, पाचवा स्लॅब, सेंट्रिंग दोनशे दहा चौरस मीटर झालं, एकूण दोनशे साठ आहे" असं बोला. प्रमाणं असतील तरच पुढे बिल आणि शेड्यूल त्याच नोंदीतून निघतं.

दोन, दीड, अडीच, सव्वा, पाऊण, साडेसात असले आकडे आपण सहज बोलतो आणि टाइप होताना ते बऱ्याचदा बिघडतात. अडीचशे गोण्या की दोन आणि शंभर, हे एकदा डोळ्याने बघाच.

तीन, ब्रास. वाळू, खडी, मुरूम असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. प्लास्टर किंवा फरशीचा ठेकेदार ब्रास म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ १०० चौरस फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर. आपल्याला हे न सांगता कळतं, एआयला कळत नाही आणि ते दोन्ही एकाच रांगेत बेरीज करून टाकतं. सूचनेतच एकक लिहून द्या किंवा बोलतानाच मीटरमध्ये बोला.

डीपीआर तयार झाला की पाठवण्याआधी वाचायचा, आणि मुकादमाला मजूर संख्या वाचून दाखवायची. एवढं रोज झालं तर महिन्याभरात तुमच्याकडे अशी नोंद तयार होते की आठवड्याचा रिपोर्ट, मंथली रिव्ह्यू, ठेकेदाराचा परफॉर्मन्स हे सगळं त्यातूनच काढता येतं. ही नोंद नसेल तर पुढच्या पायऱ्यांचा काही उपयोग नाही.

३. कोड आणि क्यूब: विचारा जरूर, पण कागद समोर ठेवून

नवीन मुलं सगळ्यात जास्त इथे फसतात. चॅटबॉटला नुसतं विचारलं की स्लॅबचे प्रॉप्स (खालचे टेकू) कधी काढायचे, तर ते आत्मविश्वासाने एक आकडा सांगतं. कधी तो आयएस कोडचा असतो, कधी अमेरिकन कोडचा, कधी कुठल्यातरी ब्लॉगवरचा, आणि तिन्ही वेळा भाषा तितकीच ठाम असते.

आयएस ४५६:२००० (काँक्रीटच्या कामाचा कोड) मध्ये काय आहे ते बघा. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर प्रॉप्स ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीमचा गाळा ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्याहून मोठा असेल तर २१ दिवस. पण हे आकडे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटसाठी आहेत, क्युरिंग नीट झालेलं असताना, आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसताना. आता विचार करा, आज आरएमसीमध्ये (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये) फ्लाय अ‍ॅश किंवा जीजीबीएस (थोड्या सिमेंटच्या जागी घालतात ती राख किंवा पोलाद भट्टीची मळी) बहुतेक वेळा असतं, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ च्या बराच खाली उतरतो. म्हणजे एआयने बरोबर कोडमधला आकडा सांगितला तरी तुमच्या स्लॅबला तो जसाच्या तसा लागू नसू शकतो. गाळा किती, सिमेंट कुठलं, थंडी किती, सात दिवसांचा क्यूब किती आला, हे बघून निर्णय स्ट्रक्चरल कन्सल्टंटला विचारून घ्यायचा. शटरिंग सोडायचा निर्णय कधीही, कोणत्याही परिस्थितीत, चॅटबॉटच्या उत्तरावर घेऊ नका. खाली माणसं काम करत असतात.

मग एआयचा उपयोग काय? कोडचं पीडीएफ आणि तुमचं स्पेसिफिकेशन नोटबुकएलएममध्ये टाका आणि विचारा, "प्रॉप्स काढण्याबद्दल दोन्ही कागदांत काय लिहिलंय, कलम क्रमांकासकट सांग, आणि दोघांत फरक असेल तर दाखव." हे काम ते छान करतं. दोनशे पानांच्या स्पेसिफिकेशनमध्ये कोडपेक्षा कडक अट कुठेतरी लपलेली असते, ती सापडते. मग ते कलम उघडून स्वतः वाचायचं.

क्यूबच्या रजिस्टरसाठी पण वापरा, पण नियम तुम्ही द्या. समजा ८५ घनमीटरचा स्लॅब आहे. आयएस ४५६ प्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार सॅम्पल आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जास्त, म्हणजे पाच सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांसाठी १५ क्यूब. सात दिवसांचे वेगळे. हे कास्टिंगच्या आधी पोअर कार्डवर (त्या कास्टिंगच्या तपासणीच्या कागदावर) आलं पाहिजे.

रिझल्ट आल्यावरचा सापळा जास्त वाईट आहे. एम२५ च्या (२८ दिवसांना २५ एन/मिमी² ताकदीच्या काँक्रीटच्या) एका सॅम्पलचे तीन क्यूब ३२, ३० आणि २२ आले असं धरा. सरासरी २८. एआय म्हणेल पास. पण कोड म्हणतो की एकाच सॅम्पलमधल्या क्यूबमध्ये सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही, २२ हा २८ पेक्षा २१ टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे ते सॅम्पलच बाद. सूचनेत हा नियम लिहून दिला तर एआय वर्षभराच्या रजिस्टरमधून असली सगळी सॅम्पल एका मिनिटात वेगळी काढून देतं, जे माणसाच्या नजरेतून सुटतं. नियम नाही दिला तर तेच एआय सगळं हिरवं करून दाखवतं.

४. स्टीलचा कटिंग प्लॅन

माझ्या मते पैशाच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याची पायरी ही आहे, आणि हिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही.

सळई १२ मीटरची येते. समजा बीबीएसमध्ये (सळया कापायच्या-वाकवायच्या यादीत) १२ मिमीच्या ४.२ मीटरच्या १५० सळया हव्यात. एकूण ६३० मीटर, व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने मीटरला ०.८८९ किलो, म्हणजे ५६० किलो. इथपर्यंत सोपं आहे. पण फिटर कापतो तेव्हा १२ मीटरच्या सळईतून ४.२ चे दोनच तुकडे निघतात आणि ३.६ मीटर उरतं. ७५ सळया कापल्या की ३.६ मीटरचे ७५ तुकडे, म्हणजे २७० मीटर, म्हणजे २४० किलो. तीन विंगच्या साइटवर असं प्रत्येक व्यासात, प्रत्येक मजल्यावर होतं आणि यार्डात तुकड्यांचा ढीग वाढत जातो.

आता पूर्ण मजल्याचं बीबीएस एक्सेलमध्ये एआयला द्या आणि सांगा, "सगळे तुकडे १२ मीटरच्या सळईतून कमीत कमी उरेल असे बसव, कोणत्या सळईतून कोणते तुकडे ते यादीत दे, एक मीटरच्या वर उरलेले तुकडे वेगळे दाखव." त्याच मजल्यावर कुठे ३.६ किंवा ३.५ मीटरची सळई लागत असेल तर ते जुळवून देतं. यासाठी कोड चालवून हिशेब करणारं मॉडेल वापरा आणि "प्रोग्रॅम लिहून हिशेब कर" असं स्पष्ट सांगा, नुसतं मजकुरात बेरीज करायला लावलं तर ते चुकतं. उत्तर आल्यावर दोन गोष्टी ताडून बघा, तुकड्यांची एकूण संख्या बीबीएसशी जुळते का आणि एकूण वजन सूत्राशी जुळतं का. दोन्ही जुळलं तरच यादी फिटरच्या हातात.

हो, आणि फिटरशी आधी बोला. अनेक ठिकाणी त्याला टनावर पैसे मिळतात, चार प्रकारचे तुकडे जुळवून कापायला त्याला जास्त वेळ लागतो आणि त्याचा वेळ फुकट समजून चालणार नाही. त्याला काही जास्तीचं द्यायची तयारी ठेवली तर प्लॅन यार्डात उतरतो, नाहीतर कागदावरच राहतो.

एक धोका: एआयला ड्रॉइंगचा फोटो देऊन बीबीएस बनवायला सांगू नका. ड्रॉइंगमधलं ८ आणि ६, १५० सी/सी (सळयांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी) हे अंतर कुठपर्यंत, लॅप (दोन सळयांचा जोड) कुठे, हे ते सर्रास चुकतं. बीबीएस माणसाने करायचं, कन्सल्टंटकडून तपासून घ्यायचं, त्यानंतर कटिंगसाठी एआय.

५. शेड्यूल: कॅलेंडर तुमचं, गणित त्याचं

"चौदा मजल्यांच्या बिल्डिंगचं शेड्यूल बनव" असं सांगितलं तर दोन मिनिटांत सुबक शेड्यूल मिळतं आणि ते निरुपयोगी असतं. आठवड्याला पाच दिवस काम धरतं (एमएस प्रोजेक्टचं स्टँडर्ड कॅलेंडरही सोमवार ते शुक्रवारच आहे), जुलैमध्ये खोदाई टाकतं, छठ आणि होळीला मजूर पूर्ण हजर दाखवतं. आपल्या साइटवर दिवाळी ते छठ आणि पुढे लग्नसराई, होळी, यात कितीतरी लोक गावी जातात आणि सगळे ठरल्या तारखेला परत येत नाहीत, हे ज्याने साइट चालवलीये त्यालाच माहीत.

म्हणून आधी तुम्ही हे द्या: साप्ताहिक सुट्टी, पावसाळ्यात कुठली कामं बंद, सणांना मजूर किती टक्के राहतो, तुमच्याच साइटची मागची स्लॅब सायकल (मायवनच्या अॅल्युमिनियम शटरिंगवर सात-दहा दिवसांत बसते, प्लायच्या शटरिंगला पंधरा-वीस सहज जातात), लिफ्ट आणि खिडक्यांसारख्या वस्तू ऑर्डरपासून यायला लागणारा वेळ. मग त्याला शेड्यूल बनवायला न सांगता तुमच्या शेड्यूलला प्रश्न विचारायला सांगा. "या शेड्यूलमध्ये कुठल्या कामाला आधीचं काम जोडलेलं नाही? पावसाळ्यात कुठली वॉटरप्रूफिंगची कामं येतायत? पुढच्या सहा आठवड्यांत कुठलं मटेरियल आजच ऑर्डर केलं पाहिजे?" असल्या प्रश्नांना फार उपयोगी उत्तरं येतात. मोठ्या प्रोजेक्टवर यासाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत, अ‍ॅलिस किंवा एनप्लॅनसारखी, पण शंभर-दीडशे फ्लॅटच्या साइटला सुरुवातीला त्याची गरज नाही.

६. पत्रं आणि मुदतवाढ

मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी हुशार इंजिनिअरांचं हक्काचं बिल निव्वळ इंग्रजी पत्र लिहायच्या धास्तीने अडकलेलं मी बघितलंय. ही धास्ती एआयने खरंच संपवलीये आणि मला याचा मनापासून आनंद आहे. मराठीत मुद्दे सांगा, इंग्रजीत पत्र घ्या, मग "यात माझ्यावर जबाबदारी येईल असं एखादं वाक्य आहे का" हे त्यालाच विचारा.

पण कलम क्रमांक तुम्हीच घाला. एफआयडीआयसीच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) करारात क्लेमची नोटीस द्यायला २८ दिवस असतात, एआयने असे करार भरपूर वाचलेले आहेत, त्यामुळे तुमचा करार वेगळाच असला तरी ते पत्रात २८ दिवस आणि त्याच धाटणीचा कलम क्रमांक टाकून देतं. समोरच्या वकिलाला एवढं पुरतं. पत्राला जोडायचे कागद: हिंड्रन्स रजिस्टरची (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीची) पानं, त्या दिवसांचे डीपीआर, ड्रॉइंग मिळाल्याच्या तारखा, फोटो. दुसऱ्या पायरीत नीट नोंद ठेवली असेल तर हे सगळं एका शोधात सापडतं.

७. कॅमेरा आणि ड्रोन

हेल्मेटवर ३६० अंशाचा कॅमेरा लावून मजला फिरायचा आणि सॉफ्टवेअर ते फोटो प्लॅनवर आपोआप बसवतं, ओपनस्पेस, बिल्डॉट्स ही त्यातली माहितीची नावं. विक्रेता सांगतो की काम किती टक्के झालं ते एआय आपोआप सांगेल. त्याला विचारा की यासाठी बिम मॉडेल लागतं का. आपल्याकडे बऱ्याच साइटवर अजून टूडी ड्रॉइंगच असतात, त्यामुळे ठरलेल्या मॉडेलशी तुलना करायला काही नसतं. नागपूर मेट्रोने ५डी बिम वापरलं, पण तिथे मॉडेल, खर्च आणि वेळापत्रक जोडायची यंत्रणाच उभी केली होती, फक्त कॅमेरा विकत आणून तसं होत नाही.

तरीही कॅमेरा घ्या म्हणेन, वेगळ्या कारणासाठी. प्लास्टर आणि फरशीच्या आधी भिंतीतले पाइप, कंड्युट (वायरच्या नळ्या), स्लीव्ह यांचे फोटो प्लॅनवर बसलेले असले तर दोन वर्षांनी गळती शोधताना भिंती फोडाव्या लागत नाहीत. बजेट नसेल तर साध्या फोनने प्रत्येक खोलीच्या त्याच कोपऱ्यातून फोटो काढा आणि फाइलच्या नावात विंग, फ्लॅट, तारीख टाका.

महारेराचे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे) तिमाही अपडेट भरताना कॅमेऱ्याची टक्केवारी तशीच उचलू नका. आर्किटेक्टचा फॉर्म १, इंजिनिअरचा फॉर्म २ आणि सीएचा फॉर्म ३ यांच्यावर माणसाची सही असते, आणि त्या आकड्यांच्या आधारावर घर घेणाऱ्यांनी भरलेले पैसे प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यातून काढले जातात. तिथे मोजमाप स्वतःचं हवं.

ड्रोनसाठी डिजिटल स्कायचा (सरकारच्या ड्रोन पोर्टलचा) नकाशा आधी बघा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या जवळचा भाग रेड किंवा यलो झोनमध्ये (जिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही) येतो, आणि पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), त्यामुळे उडवण्याआधी तुमची जागा कुठल्या झोनमध्ये आहे हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

८. सेफ्टीचा कॅमेरा

सीसीटीव्हीवर एआय बसवून हेल्मेट, जॅकेट न घातलेला माणूस ओळखता येतो. उपयोगी आहे. पण हेल्मेट आहे की नाही हे त्याला चटकन दिसतं, हार्नेसचा (अंगावरच्या सेफ्टी पट्ट्याचा) हूक लाइफलाइनला अडकवलाय की नुसता लोंबतोय हे सहजासहजी दिसत नाही, आणि बाहेरच्या परांचीवरून पडणाऱ्या माणसाला वाचवतो तो हूक. म्हणून कॅमेरा आला म्हणून सेफ्टी ऑफिसरचा राउंड कमी करू नका.

सुरुवातीला अलर्ट इतके येतात की आठवड्यात सगळे ते बघायचं सोडतात. आधी फक्त दोन-तीन धोक्याच्या जागा निवडा: लिफ्टचा डक्ट, टेरेसची कड, क्रेनच्या खालची जागा. आणि मजुरांना त्यांच्या भाषेत, टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत) सांगा की कॅमेरा कशासाठी आहे. त्यावरून हजेरी किंवा दंड कापायला सुरुवात केली की लोक कॅमेऱ्याचा कोन टाळून काम करायला लागतात, म्हणजे नेमकं जिथे दिसायला हवं तिथेच दिसेनासं होतं. टूलबॉक्स टॉकचा मजकूर हिंदी, बंगाली, कन्नडमध्ये एआयकडून करून घ्या, पण ती भाषा येणाऱ्या एका मुकादमाकडून आधी वाचून घ्या.

९. नोकरीचं काय?

सगळ्यांच्या मनात असतं म्हणून स्पष्ट लिहितो. एका एक्सेलमधून दुसऱ्या एक्सेलमध्ये आकडे नेणं, रिपोर्टचा साचा भरणं, मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, एवढंच काम असलेली ज्युनिअर प्लॅनिंग आणि बिलिंगची जागा कमी होणार, माझ्या डोळ्यासमोर होतेय. ज्याला लेव्हल लावता येते, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) तपासता येतं, पोअर थांबवायची हिंमत आहे आणि चार ठेकेदारांना एका मजल्यावर भांडण न होता काम करायला लावता येतं त्याला मागणी कमी झालेली मला दिसत नाही. तेव्हा पहिली दोन वर्षं ऑफिसची खुर्ची मागू नका, साइट मागा. एआय शिकायला काही आठवडे लागतात, स्लॅब ओळखायला खूप जास्त.

१०. कंपनी सॉफ्टवेअर घेत असेल तर हे प्रश्न विचारा

डेमो नेहमी छान असतो, कारण तो त्यांच्या साइटचा असतो. एक महिना तुमच्या साइटवर, तुमच्या नेटवर, बेसमेंटमध्ये चालवून दाखवा म्हणा. मराठी-हिंदी मिश्र आवाज समजतो का? नेट नसताना नोंद होते का? मुकादमाला वापरता येईल इतकं सोपं आहे का? पैसे माणसामागे की चौरस फुटामागे? आमच्या डेटावर तुमचं मॉडेल शिकवणार का, आणि नको असेल तर लेखी द्याल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोजेक्ट संपून सबस्क्रिप्शन बंद केल्यावर आमचे फोटो आणि नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळणार. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चर किंवा कामातला दोष निघाला तर तो बिल्डरला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. चौथ्या वर्षी एखाद्या फ्लॅटमध्ये गळती निघेल तेव्हा तो पाइप कसा टाकला होता याचा फोटो हवा असेल, म्हणून साध्या फोल्डरमध्ये, विंग आणि फ्लॅटप्रमाणे लावलेल्या मूळ फाइली मिळतील असं वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या.